निकाल लागला, बाबांचं लक्ष मात्र दुसरीकडेच

दुपारपासून लिहायचं टाळतोय, दोस्तांनो. आधी शांती नगरात एकाची नवी बाइक बघत बसलो, मग भेळ खाल्ली.

बाबा सरकारी खात्यात वायरमन होते. ड्युटी संपल्यावर साहेबांचा फोन आला म्हणून शिडीवर चढले, पडले, पाय अधू झाला. खातं म्हणायचं, ड्युटी संपली होती, आमची जबाबदारी नाही. आज कोर्ट म्हणालं, फोनच्या नोंदीत साहेबांचा कॉल आहे, म्हणजे काम सरकारचंच. भरपाई सरकारने द्यायची.

घरी येऊन सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी एवढंच विचारलं, "सदा आलेला का रे कोर्टात?"

सदाकाका म्हणजे बाबांची शिडी धरणारा जोडीदार. नोकरी जाईल या भीतीने त्याने साक्ष दिली, की फोन आलाच नव्हता. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकला नाही.

"त्याचं काय घेऊन बसलात आज?" आई म्हणाली.

"त्याने शिडी धरली की मी खाली बघायचोच नाही गं," बाबा म्हणाले.

भरपाई सरकार देईल. असा माणूस परत कोण देतं, सांगा ना.

थांबा, बेल वाजली. आई दारातच उभी राहिलीय. आता म्हणतेय, "या, सदाभावजी."

बाबा उठायला काठी शोधतायत.