मावशीनं मोडलेला काठ

कामठीच्या पुढे आमची तीन एकरांची बोडी आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. आमचं तर निम्मं तळं आणि निम्मी दलदल. वडिलांच्या मागे ती आम्हा दोघा भावांच्या नावावर आली. धाकट्याचं जरीपटक्याला दुकान आहे. त्याला ती प्लॉट पाडणाऱ्याला विकायची होती, मला राखायची होती. त्यावरून घरात बरीच आदळआपट झाली. माझीच, तो कधी आवाज चढवत नाही. शेवटी म्हणाला, "संक्रांतीपर्यंत तुझं काय ते कर. वडिलांच्या वेळेसारखी बदकं आली तर ठेवू."

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला. उन्हाळ्यातच जेसीबी लावला. गवत, बेशरमाची झुडपं, गाळ, सगळं खरवडून काढलं आणि काठ भिंतीसारखे सरळ केले. पावसाळ्यात बोडी तुडुंब भरली. पाणी असं नितळ की तळाचा मुरूम दिसे. मी येईल त्याला हौसेनं दाखवायचो. दिवाळी झाली, थंडी पडली. बदकांचे थवे डोक्यावरून जात, पण उतरेना एकही.

तेव्हा नाक मुठीत धरून शेजारच्या गावात, सगळे जिला मावशी म्हणतात तिच्याकडे गेलो. तिच्या घरात पिढ्यान्पिढ्या मासे धरायचा धंदा. तिचं अर्धं आयुष्य गुडघाभर पाण्यात गेलेलं. माझ्याबरोबर येऊन तिनं काठावरून बराच वेळ बोडी पाहिली.

"काहून गा भाऊ, बोडीची विहीर करून टाकली काय?"

मी खोलीचे फायदे सांगू लागलो. तिनं मध्येच तोडलं. "बदक काय पोहाले येते? त्याले खायाले पायजे."

दुसऱ्या दिवसापासून ती आणि तिची सून कामाला लागल्या. आधी माझे सरळ काठ कुदळीनं मोडून उतरते केले. मग गावच्या जुन्या तलावातला चिखल घमेल्यांनी वाहून आणला आणि उथळ पाण्यात पसरला. त्या चिखलात पाणगवताचे कांदे होते, शिंपल्या होत्या, देवधानाचं बी होतं. बायका ऋषिपंचमीला खातात तो आपोआप उगवणारा तांदूळ, तोच देवधान. मी तो कचरा समजून उपटला होता. मावशी चिखलात बोट घालून कांदा खोचायची तेव्हा वाकून नुसतं बघत राहावंसं वाटायचं.

खरं भांडण पाण्यावरून झालं. दर सोमवारी ती सांडव्याची माती थोडी काढून पाणी सोडू लागली. मी ओरडलो, "भर हिवाळ्यात पाणी वाया घालवता?"

"चार बोटंच सोडून राहिली ना मी. पाणी हटलं का तेवढी ओली पट्टी उघडी पडते. पाखरू तितंच चरते."

तिच्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण स्वभावाला औषध नाही. मी गुपचूप पाण्यात मोजपट्टी रोवून मोजलं. चार सोमवार मोजलं. तिची चार बोटं दर वेळी तेवढीच भरली. आयुष्यभर मी मीटरांवर विसंबलो, त्यांनीसुद्धा मला इतकी खात्री कधी दिली नव्हती. पाचव्या सोमवारी मोजणं सोडलं आणि पँट दुमडून तिच्या हाताखाली घमेलं उचललं.

उघड्या पट्टीवर शेपटी हलवत फिरणारी दोन बारकी पाखरं आली. बदकं मात्र नाहीत.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धाकटा आला. तो बांधावर पोचायच्या आत मी मावशीच्या कानाला लागलो, "काल बदकं उतरली होती म्हणून सांगा."

धाकट्यानं सरळ तिलाच विचारलं, "बदकं आली का, मावशी?"

"नाई आली. औंदा येतही नाई. चिखल आत्ता कुठं बसून राहिला."

"मग कधी येतील?"

"पुढच्या हिवाळ्यात येतीन वाटते. पण मले काही पक्कं सांगता येत नाई."

माझं डोकं तापलं. दोन महिने राबून हिनंच सगळं पाण्यात घालवलं! धाकटा मोडलेल्या काठावरून एक फेरी मारून आला, मग प्लॉटवाल्याला फोन लावला. "पुढच्या हिवाळ्यानंतर बोलू," एवढंच त्याला म्हणाला.

मला हायसं वाटलं, आणि लगेच फुशारकीही चढली. म्हटलं, "पटलं ना तुला माझं?"

"तुझं नाही, दादा, मावशीचं," तो म्हणाला. "आली म्हणून तू सांगितलं असतंस ना, तर मला ते खरं वाटलं नसतं, मी आजच विक्रीच्या कागदावर सही करून दिली असती."