पट्टीखालची भेग

माझ्या साडूने मला फसवलं. बोटीचा काठ उकलला आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते झाकून त्याने ती बोट मला विकली.

सायकलवर नळाच्या तोट्या विकत विकत मी टी. टी. नगरात हार्डवेअरचं दुकान उभं केलं. समोरचा माणूस भाव सांगताना कुठे अडखळतो, हे हेरण्यावर माझं पोट भरलं. मला कुणी जुनं नवं म्हणून विकू शकत नाही. पण बायकोच्या माहेरची एक रीत आमच्याकडे चालत आली आहे. नात्यात घासाघीस करायची नाही, दिलेली वस्तू तपासायची नाही. साडू, ज्याला मी दादा म्हणतो, इंद्रपुरीत राहतो, कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. गुडघे गेले म्हणून बोट विकायला काढतोय म्हणाला. जुनी फायबरची, मागे इंजिन लावलेली, शहराबाहेरच्या धरणावर बांधलेली असायची. परक्याची असती तर मी ती पाण्याबाहेर काढायला लावली असती, ठोकून पाहिली असती. साडूची म्हणून त्याच्याकडे पोहे खाल्ले आणि किल्ली घेऊन आलो.

संक्रांतीला बायकोने हळदीकुंकू बोटीवर करायचं ठरवलं. मंडळातल्या बायका काळ्या साड्या नेसून आल्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. बोट मी चालवत होतो. माझ्या शेजारी बायकोची ताई, म्हणजे साडूची बायको, वाणाची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तो स्वतः आला नाही. काठावर खुर्ची टाकून बसला आणि तिथून ओरडला, "हळू घ्या. लाटेवर आपटू देऊ नका."

"आम्ही काय काचेच्या आहोत का?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. म्हातारा झाला, भितो, एवढंच मला वाटलं.

बोटीच्या काठाला चहूबाजूंनी रबराची जाड पट्टी असते. धक्क्याला घासताना मार तिने खायचा. आमची पट्टी उन्हाने तडकून लोंबायला लागली, म्हणून उन्हाळ्यात मी नवी आणली. ती मऊ पडावी म्हणून घाटाच्या तापलेल्या पायऱ्यांवर पसरून ठेवली आणि जुनी काढायला बसलो. स्क्रू सगळे गंजलेले. एकेकाचं डोकं ड्रिलने उडवावं लागत होतं. पुढच्या टोकाजवळ मात्र हातभर लांबीत ते सरळ फिरून बाहेर आले. चकचकीत, स्टीलचे. माझ्याच दुकानातले. बोट विकायच्या जरा आधी साडू बाल्कनीच्या जाळीसाठी म्हणून एक पाकीट घेऊन गेला होता.

बोट म्हणजे खाली एक कवच आणि वर एक, डब्यावर झाकण बसावं तशी. दोन्हींचा सांधा पट्टीखाली असतो. त्या हातभर जागेत तो सुटला होता आणि आत गाड्यांना भरतात ती पुट्टी लिंपली होती. पेचकसाने दाबली तर लगदा होऊन पडली. हाताचं बोट आत घातलं, ओलं लागलं. म्हणजे पाणी आत येतच होतं. माझ्या डोळ्यांसमोर ताईच्या मांडीवरची ती वाणाची टोपली आली.

त्याच दुपारी इंद्रपुरी गाठली. स्क्रू त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. त्याने ते पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला. भेग वगैरे काही नव्हती, जरासं उकललं होतं, पुट्टी पक्की होती, असं तो सावकाश समजावू लागला, जणू मी त्याच्या हाताखालचा कामगार. मग म्हणाला, "तुम्ही कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेता. बोट बघायला कुणी अडवलं होतं?"

माझा आवाज चढला, तशी त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली. आत ताई माझ्यासाठी चहा करत होती.

"हळू बोला," तो म्हणाला. "तिला यातलं काही माहीत नाही."

संक्रांतीला काठावरून ओरडला होता, तोच हा शब्द. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, त्या दिवशी काठावर बसतानाच त्याला भेग ठाऊक होती. चहा न घेता उठलो.

घरी सांगितलं तर बायकोने हातातला डाव खाली ठेवला आणि गॅस बंद केला. मग म्हणाली, ताईला कळू देऊ नका, या वयात तिने कुठे जायचं? तेव्हापासून दोघी बहिणी फोनवर लोणच्याबद्दल बोलतात आणि मी बाहेरच्या खोलीत बसून राहतो. बोट धक्क्यावर उलटी पडली आहे. नवी पट्टी मी अजून बसवलेली नाही.

बायकोचं मी इतके दिवस ऐकलं, आता ऐकणार नाही. बोट परत नको, भरपाई नको. दादा, ताईला समोर बसवा आणि मला सांगा. सांधा सुटलाय हे तुम्हाला ठाऊक होतं आणि संक्रांतीला ती त्या बोटीत चढत होती, तेव्हा "उतर" एवढं तुमच्या तोंडून का निघालं नाही?