चिठ्ठी दिली नाही

"आभारात आहे ना तुझं नाव? मग तोंड काऊन पाडून राह्यली?"

वर्ध्याच्या परिषदेत, नोंदणीच्या टेबलापाशी, सगळ्यांदेखत सर मला म्हणाले. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. माझ्या हातात नुकतीच छापून आलेली स्मरणिका होती. शोधनिबंधांच्या सारांशांवर आजवर कसकसं संशोधन होत गेलं, हा माझा विषय. चार वर्षं घातली मी त्यात. निबंध माझा, त्याचा सारांशही माझा. शब्दन् शब्द. नावं दोन: सरांचं आणि त्यांच्या सुनेचं.

मी काय बोलणार? प्रबंधावर सही त्यांचीच लागते. अपमान गिळला आणि येणाऱ्यांना बिल्ले वाटत बसले.

आमच्या विभागात एक रीत आहे. सर निबंध वाचतात तेव्हा विद्यार्थ्याने पहिल्या रांगेत कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसायचं. कोणी प्रश्न विचारला की उत्तर लिहून हळूच पुढे करायचं. मी कितीदा केलं. लोक म्हणायचे, सरांचा व्यासंग दांडगा.

त्या दिवशी मागून एक बाई उठल्या. "हे सगळं काम इंग्रजी सारांशांवरचं दिसतं. मराठी सारांश कोणी तपासले का?"

मी तपासले होते. हिंगणघाटहून रोज बसने येऊन, जुने अंक धुंडाळून. उत्तर लिहिलंही. सरांनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, नोकराकडे पाणी मागावं तसा. मी हात उचललाच नाही.

"दे ना," ते पुटपुटले.

"माह्या जागी ज्यायचं नाव छापलं, त्यायले विचारा."

आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

तेव्हापासून सही अडली आहे. दुसरा कोणी मार्गदर्शक मला घ्यायला तयार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मला भीती वाटते. रडूही येतं, आणि त्याचाच राग येतो.

आई जिनिंग कारखान्यात कापूस निवडते. तिला वाचता येत नाही, पण गुणपत्रिका बघून बघून माझं नाव तेवढं ओळखते. परिषदेच्या त्या संध्याकाळी ती स्मरणिकेतल्या माझ्या सारांशाच्या पानावरून बोट फिरवत राहिली.

"तुयं नाव कोठी हाय?"

"नाई या पानावर."

तिने पुस्तक मिटून ठेवलं.

चिठ्ठीत मावलं नव्हतं ते सगळं मी आता लिहून काढलंय. मराठी सारांशांवर, मराठीत. काल एका नियतकालिकाकडे पाठवलं. परत आलं तर पुन्हा पाठवीन. पदवी जायची तर जाऊ दे. त्या कागदावर दुसरं नाव चढणार नाही.