वैशाली गावात राहावी म्हणून

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आता डायलिसिसला पर्याय नाही," कोल्हापूरच्या शाहूपुरीतले डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "कायम."

आमचे मालक शेजारीच बसले होते. ते मुकाट्यानं उठले आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

त्याआधी सहा महिने मालकांच्या पायाला सूज होती, अन्नाला चव लागत नव्हती, चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. आम्ही पित्त पित्त म्हणत बसलो. तुम्ही बसू नका. क्रिएटिनिन नावाची रक्ताची साधी तपासणी असते. किडनी जी घाण गाळून बाहेर टाकते ती रक्तात किती साठलीय, ते त्यात कळतं. मालकांची तपासणी आम्ही वेळेत केली नाही, हा माझा पहिला गाढवपणा. दुसरा याच्याहून मोठा आहे. तो सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त मशिनीत घ्यायचं, धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यासाठी डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे आतल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या. मग शीर फुगते आणि जाड सुई घालता येते. त्यावर बोट ठेवलं की रक्ताची घरघर जाणवते. डॉक्टर म्हणाले, "या हाताला जपा. हा गेला तर सगळं अवघड होईल."

आमचं गाव कुरुंदवाडजवळ. दहा मिनिटांवरच्या एका छोट्या दवाखान्यात चार मशिनी होत्या, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो. मशिनी चालवायला टेक्निशियन लागतो. सुई घालणं, अंगातलं किती पाणी काढायचं ते लावणं, बीपी उतरलं तर धावणं, सगळं त्याच्याकडं. आम्ही गेलो तेव्हा तिथं तिघं होते. एक पुण्याला गेला, एक आखातात गेला. उरली एकटी वैशाली.

लातूरकडची पोरगी, पंचवीस-सव्वीसची. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. ती दर वेळी म्हणायची, "काकू, मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे." मालकांची शीर आत वळलेली. तिच्याशिवाय कुणाला ती सापडली नव्हती. ती आधी डोळे मिटून बोटानं घरघर चाचपायची आणि मग एका झटक्यात सुई घालायची. मालक म्हणायचे, "हिच्या हातानं दुखत न्हाय."

एका सोमवारी ती म्हणाली, "पुण्यात जागा आहे. मी पण बघते आता."

बाहेरच्या बाकावर आम्ही पाच-सहा बायका बसायचो, सगळ्यांचे नवरे नाहीतर मुलं आत मशिनीवर. त्या दिवशी बाकावर कुणी चहासुद्धा घेतला नाही. एकीनं तिला तूप आणून दिलं, एकीनं गुळाची ढेप, एकीनं साडी. पोरीनं सगळं घेतलं आणि तरी ती जाणारच म्हणाली. मग माझ्या डोक्यात आलं, हिचं लग्नच इथं लावलं तर? सासर इथं झाल्यावर जाईल कुठं?

माझा चुलत भाचा संदीप इथल्याच वर्कशॉपात कामाला होता. पोरगं सरळ, निर्व्यसनी. पोरगी आमच्यातलीच निघाली. मी लातूरला तिच्या वडलांना फोन लावला, पत्रिका मागवली, संदीपच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला गळ घातली. वहिनी म्हणाली, "करू दे की नोकरी, आमी न्हाय म्हणत न्हाय." दोघांनी एकमेकांना पसंत केलं. लग्नात मी करवलीसारखी मिरवले. बाकावरच्या बायका मला म्हणाल्या, तुम्ही आमचं कुंकू राखलं. मलाही तसंच वाटत होतं.

दोन महिनेच ती कामावर आली. सकाळी सहाला सून घराबाहेर पडते, घरात म्हशींच्या धारा कुणी काढायच्या, आणि परक्या बाप्यांचे हात धरायचं कसलं हे काम, असं वहिनीचं सुरू झालं. एका शुक्रवारी ती आलीच नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं सुई घालून बघितली. तीन ठिकाणी टोचलं. हात काळानिळा होऊन टम्म फुगला. मालकांनी ओठ चावून धरले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडं मशिनी आहेत, माणूस नाही. मी जाहिरात देऊन थकलो." कोल्हापुरात सगळीकडं आधीच रांग. जागा मिळेपर्यंत दोन वेळा चुकल्या. सोमवारी दुपारी मालकांना आडवं होता येईना. पाणी छातीत चढलं होतं. गाडीत ते माझा हात धरून एवढंच म्हणत होते, "हवा लागंना गं." मी त्यांना वारा घालत होते आणि मनात स्वतःला शिव्या घालत होते. माझ्या कुंकवाची दोरी मीच माझ्या हातानं कापली होती.

वाचले. कोल्हापुरात पाणी काढलं, डायलिसिससाठी मानेत नळी घातली, हाताची सूज उतरायला तीन आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं."

जरा बरं वाटल्यावर मालकांना घेऊन मी वहिनीच्या दारात गेले. आमच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वैशाली आली तर उद्या मशिनी सुरू करतो. मी तिला परत न्यायलाच गेले होते.

"वैनी, तुम्ही शब्द दिलतासा," मी म्हणाले.

"दिलता की. पर तवा म्हशी तीन हुत्या, आता पाच हायत. आन् वन्सं, तुमच्या मालकासाठी माझी सून राबायची व्हय?"

तिचं म्हणणं खरंच होतं.

वहिनी गोठ्याकडं गेली, तेव्हा वैशाली आतून आली. मालकांचा हात बघून तिचं तोंड उतरलं. मग माझ्याकडं बघून ती शांतपणे बोलली. "काकू, मी पुण्याला का निघाले होते, ते तुम्ही कधी विचारलंत का? आठ महिन्यांत मला सलग दोन दिवस सुट्टी नव्हती. भावाच्या साखरपुड्यालाही गेले नाही. दुसरा माणूस द्या म्हणून मी डॉक्टरांच्या मागं लागले होते. तुम्ही सगळ्या मिळून त्यांच्याकडं गेला असता तर त्यांनी कुठून तरी आणलाच असता. तुम्ही माझ्यासाठी नवरा आणलात."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वर्षभर त्या पोरीच्या हातावर आमचं घर जगलं, आणि ती जेवते कधी, घरी जाते कधी, हे मी विचारलं नव्हतं.

"आता काय पाहिजे तुला?" मी विचारलं.

"काम पाहिजे. पुण्यातली जागा अजून आहे. तिथं चार जण पाळीनं असतात. संदीप पण यायला तयार आहेत. आईंना सांगायचं कुणी?"

मी मालकांकडं बघितलं. मला वाटलं, ते तरी म्हणतील, इथंच थांब पोरी. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. कोल्हापूरला येष्टी जाती की."

मग मी वहिनीशी भांडले. सून आणि मुलगा दोघांनाही जाऊ द्या, नाहीतर शब्द मोडलासा म्हणून सगळ्या भावकीत सांगेन, असं म्हणाले. वहिनी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पोरं गेली.

निघायच्या आधी वैशाली आमच्या घरी आली. तिनं मालकांचा हात मांडीवर घेतला, डोळे मिटून चाचपला आणि एका कागदावर त्याचं चित्र काढलं. शीर कुठं वळते, सुई कुठून आणि किती तिरकी घालायची, कुठं अजिबात घालायची नाही, सगळं लिहिलं. "जो कोणी असेल त्याला आधी हे दाखवा," ती म्हणाली. मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पडू दिलं नाही.

आता आम्ही आठवड्यातून तीनदा पहाटे उठून कोल्हापूर गाठतो. मालक बारीक झालेत. परतताना एसटीत झोपतात, आणि त्यांची छाती हलतेय का ते मी बघत असते. भीती गेलेली नाही, जाणारही नाही. ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना एवढंच सांगते, मशिनी किती आहेत ते विचाराच, पण चालवणारी माणसं किती आहेत आणि त्यांना सुट्टी मिळते का, तेही विचारा. मिळत नसेल तर त्यांच्यासाठी आपण दहा जणांनी मिळून डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं. कोल्हापुरात आम्ही तसे उभे राहिलो. एक माणूस वाढवला त्यांनी.

कोल्हापूरच्या टेक्निशियननं तो कागद बघून पहिल्याच दिवशी एका झटक्यात सुई घातली. परवा तो म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यात मीही चाललो, बेंगळूरला. पगार बरा आहे." थांब म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मी त्याला जेवलास का विचारलं, आणि संध्याकाळी स्टँडवर उतरून त्या कागदाच्या दहा झेरॉक्स काढून घेतल्या.