दहिवरातल्या तुराट्या

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं दोन वर्षं धड तोंड दाखवलं नव्हतं. औशाजवळच्या आमच्या गावात बोअरला पाणी होतं, पण मोटार चालवायला वीज नसायची. अशात जिल्ह्याच्या कचेरीतून एक यंत्र आलं. त्यात तुराट्यांचे तुकडे धुमसवायचे, त्याचा गॅस निघतो, गॅसवर इंजिन फिरतं आणि इंजिनावर वीज तयार होते. साहेब म्हणाले, "डिझेल वाचेल, रानात काडीकचरा पेटवता तो धूरही वाचेल." आम्हाला धुराचं काय? आम्हाला पाणी हवं होतं.

यंत्र सांभाळायला गिरणीवाला चन्नबसप्पा. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, आणि नीटनेटका इतका की कपाळावरचं भस्मसुद्धा पट्टीनं आखल्यासारखं. यंत्राला खाऊ आणायचा कुठून? नुकतीच तुरीची रास झाली होती आणि रानातल्या तुराट्या म्हणजे बायांचं वर्षाचं सरपण. तो दारोदार फिरला. "चुलीची तुराटी मला द्या, मी तुमाला पानी देतो."

गल्लीतल्या केवळाबाईनं सगळी दिली, पण दमही दिला. "आप्पा, पानी न्हाई आलं तर तुझ्याच दारात येऊन बसते बघ!"

मग चन्नबसप्पाचं फर्मान निघालं. तुराटी दहिवरातच, पहाटेच्या दवात, बांधायची, उन्हात बांधली तर काड्या मोडतात, पेंडी ढिली पडते. कुणब्याच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्याचं शहाणपण ते, कोण नाही म्हणणार? बाया पहाटे गारठत रानात गेल्या आणि आवळून बांधलेल्या पेंड्यांची ही मोठी थप्पी यंत्राच्या शेडमध्ये लागली.

तीन दिवस इंजिन नुसतं खोकलं. पांढरा धूर ओकायचं आणि बंद पडायचं. साहेबांनी सांगून टाकलं की शनिवारी चाललं नाही तर यंत्र अहमदपूरकडे हलवू. म्हणजे पाणीही गेलं आणि सरपणही. चन्नबसप्पाचं जेवण तुटलं. दुष्काळ पडल्यापासून तो गळ्यातल्या इष्टलिंगाला पळीभर पाण्यानंच स्नान घालायचा.

शुक्रवारी सकाळी त्याची बायको उमाबाई भाकरीला बसली. शेडमधून आणलेली पेंडी तिनं चुलीला लावली आणि घरभर धूर झाला. तिनं जळकी काडी विझवून बाहेर भिरकावली आणि पेंडी सोडून पत्र्यावर पसरली.

"हे काय करायलीस?" चन्नबसप्पा ओरडला.

"आवं, आतून वली हाय. दहिवर तसंच बांधलंय की हिच्यात. दुपारपत्तुर वाळू द्या, मंग बघा कशी पेटती."

चन्नबसप्पानं पेंडीच्या मधल्या काड्या चिमटीत दाबून बघितल्या. "मीच बांधाय लावलं," एवढंच म्हणाला.

दुसरा कुणी असता तर यंत्रावर ढकलून मोकळा झाला असता. हा पुन्हा दारोदार फिरला. "चूक माझी हाय. शेडातल्या पेंड्या सोडा, उन्हात टाका." दुपारी गावातला एक पत्रा, एक खळं रिकामं राहिलं नाही. केवळाबाई तुराट्या पालथ्या करता करता बडबडत होती, "चुलीम्होरं बसणारीला आधी इचारलं असतं तर?" तो तिच्या शेजारी बसून पुढची पेंडी सोडायला लागला.

शनिवारी साहेबांची जीप आली. खडखडीत वाळलेले तुकडे यंत्रात पडले. इंजिन एकदा खोकलं, आमचा जीव टांगणीला लागला, आणि मग त्यानं जो सूर धरला तो सोडलाच नाही. चन्नबसप्पानं मोटारीचा खटका दाबला. पाइपातून हवा आली, गढूळ चूळ आली आणि धो धो पाणी हौदात पडायला लागलं. बाया हसत होत्या, रडत होत्या. आम्ही सगळे सुटलो होतो.

केवळाबाईनं पहिली घागर भरली. चन्नबसप्पा हौदाच्या कडेला बसला, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि सवयीनं उजव्या हातात पळीभरच पाणी उचललं.

"आप्पा, हात म्होरं कर," केवळाबाई म्हणाली, आणि तिनं भरली घागर त्याच्या तळहातावर सावकाश रिकामी केली.