दुखत नाही, असा निरोप

"दुखतंय? बरंय मग. दुखू द्या. दुखतंय तवर बोट तुमचं हाय."

जखमेवरची जुनी पट्टी सोडवताना बाई असं म्हणायच्या, आणि म्हणताना जखमेकडं न बघता समोरच्याच्या तोंडाकडं बघायच्या. माणूस कळवळला की त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला ही बाई दुष्टच वाटली. तुम्हालाही वाटलं असतं. लोकांना दुखतंय याचं समाधान वाटणारं माणूस आपण कुठं पाहिलेलं असतं?

उस्मानपुऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी केसपेपर लिहायला होतो आणि बाई तिथं नर्स होत्या. माझी खिडकी आणि त्यांचं ड्रेसिंगचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक हिरवा पडदा होता. त्यामुळं त्यांना बघितलं कमी आणि ऐकलं जास्त. मला त्या भाऊसाहेब म्हणायच्या, वयानं मी त्यांच्याहून लहान असूनही.

बाई मूळच्या पाचोडच्या. निजामाच्या राज्यात पहिल्या चार इयत्ता त्या उर्दूतून शिकल्या, पोलिस अ‍ॅक्शननंतर पुढचं मराठीतून. दवाखान्यातल्या प्रत्येक बाटलीवर त्या दोन चिठ्ठ्या चिकटवायच्या, एक मराठीत, एक उर्दूत. अक्षर ठळक, टपोरं. "पाण्यात मिसळल्याशिवाय लावू नये." "पोटात घेऊ नये." डॉक्टर हसायचे. म्हणायचे, "बाई, बाटलीपेक्षा चिठ्ठी मोठी झाली."

"होऊ द्या," बाई म्हणायच्या. "बाटली कुणी वाचत नाय."

पण त्यांचा खरा भरवसा चिठ्ठीवर नव्हता. औषध घरी न्यायचं असेल तर माणसाला सगळं पुन्हा म्हणून दाखवावं लागे. एक म्हातारे मियाँ बायकोच्या पायाच्या जखमेसाठी जंतुनाशक न्यायला आले होते, त्यांची परीक्षा मी पडद्याआडून ऐकली.

"बोलो चाचा, क्या करना है?"

"एक बूच दवा, लोटाभर पानी."

"पहले?"

"पहले साबन-पानी से धोना."

"और पट्टी? दवा में भिगा के बाँधना?"

"तौबा तौबा! सुखी पट्टी, बाई. आप तो मदरसे के मौलवीसाब से भी सख्त हो."

"अजून एकदा म्हना," बाई म्हणाल्या.

बधिर करायच्या सुईच्या आधी तर डॉक्टर इंजेक्शन भरून उभे राहायचे आणि बाईंचे प्रश्न चालू असायचे. ही सुई आधी कधी घेतली होती का? घेतल्यावर जीव घाबरला का, छाती धडधडली का, अंगावर गांधी उठल्या का? दुसरं कुठलं औषध सोसत नाही? सगळं झाल्यावरही सुटका नसे. ओठाला टाके पडलेल्या माणसाला त्या दारापर्यंत सोडायला जायच्या. "बधिरपणा उतरंस्तोवर चहा नाय, घास नाय. सोताचीच जीभ चावाल अन् कळायचं नाय तुम्हाला."

गुलमंडीतले एक कापडवाले शेटजी मुलीच्या लग्नाआधी आले. नव्या बुटानं टाच सोलली होती. त्यांना बधिर करायचं मलम हवं होतं, म्हणजे दिवसभर मांडवात उभं राहता येईल.

"बूट बदला, शेटजी."

"अहो, व्याह्यांनी दिलेत."

"मग व्याह्यांनाच घालू द्या."

बाहेरच्या बाकावरचे पेशंट हसले, शेटजी चिडून निघून गेले. त्यांनी दुसरीकडून मलम मिळवलं, लग्नभर मिरवले, आणि चौथ्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत आले. टाचेचं मांस उघडं पडलेलं. बाई कोमट पाण्यानं टाच हळूहळू धूत राहिल्या आणि अखेरीला म्हणाल्या, "दुखणं ही बातमी असती, शेटजी. तिला दारातच अडवलं, तर आत काय चाललंय कुणी सांगायचं?"

पाचोडला त्यांची धाकटी बहीण दिली होती, गावातल्या गावातच. बाईंना नवरा नव्हता; लग्नानंतर वर्षभरातच तो वारला होता आणि त्यानंतर त्या नर्सिंगला गेल्या होत्या. त्यामुळं माया करायला ही धाकटी तेवढीच. ती अधूनमधून शहरात यायची. फडक्यात बांधलेल्या शेंगा, नाहीतर कोवळी गवार घेऊन. आल्या आल्या पडदा सारून मोठ्यानं "आक्का!" म्हणायची आणि रांगेतल्या सगळ्यांची चौकशी करायची. तिच्या शाळेच्या वयात रझाकारांची दहशत होती, गावची शाळा बंद पडली. पुन्हा उघडली तेव्हा ती शेळ्यांमागं जायला लागली होती. पण हातात कसब होतं. कापूस वेचायला बसली की तिच्या बरोबरीला कुणी टिकत नसे, असं बाई अभिमानानं सांगायच्या.

एकदा ती आली ती म्हशीचं गाऱ्हाणं घेऊन. खुरात किडे पडले होते. बाईंनी कपाटातल्या मोठ्या बाटलीतून थोडं कार्बोलिकचं जंतुनाशक एका लहान बाटलीत काढलं, चिठ्ठ्या लावल्या, बूच घट्ट केलं. गाडीची वेळ झाली होती.

"पाण्यात टाकून, बरं का. लई जहाल असतं."

"व्हय गं आक्का, कळतं मला. येते मी, गाडी जाईल."

आणि ती गेली. पडद्याच्या अलीकडं मी कुणाचातरी केसपेपर लिहीत होतो. पुन्हा म्हणून दाखव, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या वेळी मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. सख्ख्या बहिणीची कुणी परीक्षा घेतं का?

म्हैस बरी झाली. तसा निरोपही आला, आणि मग आम्ही सगळेच ते विसरलो.

त्यानंतर सुगीच्या दिवसांत, पाचोडच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, तिकडचा एक माणूस खोकल्याचं औषध घ्यायला आला. पडदा अर्धा उघडा होता. बाई कुणाच्यातरी गुडघ्याची पट्टी बदलत होत्या.

"बाई, तुमच्या धाकटीनं निरोप दिलाय. जवारी कापताना शेजारनीचा विळा लागला व्हता उजव्या बोटांना. तुमचंच ते म्हशीचं औषध हुतं घरात, त्यात फडकं भिजवून बांधलंय. लई गुण हाय म्हनली. अजिबात दुखत नाय."

बाईंचा हात थांबला.

"किती दिस झाले?"

"चार असतील. पाच."

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. गुडघ्यावरची पट्टी अर्धीच गुंडाळलेली होती. गुडघ्याचा पेशंट त्यांच्याकडं बघतच राहिला. त्या उठल्या आणि अंगावरच्या एप्रनसकट बाहेर पडल्या. डॉक्टरांनी मला त्यांच्यामागं पाठवलं.

गाडीत त्या एकदाच बोलल्या. "तिच्याकडून पुन्हा म्हनून घेतलं नाय मी, भाऊसाहेब." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. त्यांनी ऐकलं नाही.

धाकटी उंबऱ्यात बसून डाव्या हातानं मेथी निवडत होती. आम्हाला पाहून तिला आनंद झाला. "आक्का! न सांगता? आन् भाऊसाहेब पन? थांबा, चहा टाकते."

"हात दे," बाई म्हणाल्या.

फडकं सुटलं तसा त्या औषधाचा उग्र वास ओसरीभर पसरला. अंगठ्याजवळची दोन बोटं. मुळाशी पांढरीफटक, सुरकुतलेली. टोकाकडं काळी, वाळलेल्या शेंगेसारखी. मी मान फिरवली. बाईंनी फिरवली नाही. त्यांनी काळ्या बोटावर नख टेकवलं.

"दुखतंय?"

"नाय."

त्यांनी जोरात दाबलं. "आता?"

"नाय गं. म्हनून तर निरोप दिला."

"दुखतंय म्हन. थोडं तरी दुखतंय का बघ."

धाकटी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. तिचं हसू अजून तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं. "दुखायला पायजे का, आक्का?" तिनं विचारलं.

ते औषध जंतू मारतं तसं मांसही मारतं, आणि मारण्याआधी बधिर करतं. भिजल्या फडक्यात बोट चार-पाच दिवस गुंडाळून ठेवलं तर ते आतल्या आत मरतं, आणि माणसाला वाटतं बरं होतंय. हे मला बाईंनीच कधीतरी समजावलं होतं. कोनाड्यात बाटली तशीच होती. वर दोन चिठ्ठ्या, दोन लिप्यांत, टपोऱ्या अक्षरात. त्या घरात एकही लिपी कुणाला येत नव्हती.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिची दोन्ही बोटं काढली. खाटेशेजारी धाकटीचा नवरा टोपी हातात घेऊन उभा होता. तो बाईंना काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. धाकटी शुद्धीवर आल्यावर बाईंनी तिच्या पायांवर डोकं टेकलं. "उठ गं," ती म्हणाली, "तुझी काय चूक? मीच अडानी."

हे एक वाक्य बाईंना पुढं कधी पेललं नाही.

त्या कामावर आल्या, पण आमच्या बाई आल्या नाहीत. पट्टी सोडवताना त्या काही म्हणेनाशा झाल्या. आधी एक-दोनदा विचारायच्या ते दहा-दहा वेळा विचारायला लागल्या. पेशंटनं नीट उत्तर दिलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. रांग रस्त्यापर्यंत जायची. एक दिवस एका पेशंटनं कंटाळून औषधाची बाटली टेबलावरच सोडली आणि ती निघून गेली, तर बाई तिच्यामागं चौकापर्यंत धावल्या. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, बाटली हातात होती. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बाईंना लस टोचल्याच्या नोंदी लिहायचं काम दिलं. तिथं औषधाला हात लावायचा प्रश्न नव्हता.

प्रत्येक रविवारी त्या पाटी-पेन्सिल घेऊन पाचोडला जायच्या, धाकटीला अक्षर शिकवायला. दोनेक महिने हे चाललं. मग एका सोमवारी पाटी त्यांच्या पिशवीत दिसली नाही. मी विचारलं.

"डाव्या हातात पेन्सिल धरवत नाय तिला," बाई म्हणाल्या. मग वही उघडून म्हणाल्या, "परवा मला म्हनली, आता कशाला आक्का? आता काय वाचायचं ऱ्हायलंय?"

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि त्या बहिणीकडं राहायला गेल्या. निरोप समारंभ करू दिला नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त मी पाचोडला गेलो. बाजाराचा दिवस होता. घर सापडलं. ओसरीवर बाई धाकटीच्या पाठीमागं बसून तिची वेणी घालत होत्या. दोघीही वाळल्या होत्या. मला पाहून धाकटीनंच "या" म्हटलं. बाईंनी मान हलवली आणि वेणी पुरी केली. दवाखान्याची, डॉक्टरांची खबर मी सांगत होतो. त्या ऐकत होत्या, की नव्हत्या, कळलं नाही.

तेवढ्यात अंगणात एक माणूस आला. बाजारात लाकडं फोडायचं काम करत असावा. तळहात चांगलाच कापला होता. दुसऱ्या हातानं दाबून धरलेला, रक्त मनगटावरून गळत होतं.

"बाई, बघा की जरा. तुमाला कळतं म्हन्त्यात गावात."

बाई उभ्या राहिल्या. एक पाऊल पुढं आल्या. मला वाटलं, आता त्या पाणी मागतील. धाकटीही तशीच वर बघत होती, जणू तिलाही तेच हवं होतं. "आक्का, बघ की," ती हळूच म्हणाली.

"शहरात जा," बाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तो माणूस दाराकडं बघत उभा राहिला. मी खिशातला रुमाल त्याच्या तळहातावर दाबला आणि त्याला स्टँडवर घेऊन गेलो. गाडीला गर्दी होती, कंडक्टरनं त्याला जागा करून दिली. वाटेतलं आडूळ गाव मागं पडलं. मग तो म्हणाला, "त्या बाई आधी दवाखान्यात हुत्या म्हनं. खरं काय?"

"होत्या," मी म्हणालो.