डावीकडून दुसरा

एक डोळा मिटायचा, दुसरा बारीक करायचा, समोरच्या माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत एकदा न्याहाळायचं आणि पुटपुटायचं, "दोनशे साठ पौंड. झोपायला वेळ लावणार हा." काकांची ही सवय ज्यांना ठाऊक नव्हती ती माणसं घाबरायची. तुम्हीही घाबरला असतात. सुपरमार्केटच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड गोऱ्या मुलाकडे बघून एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ असं काही बोलले, तर दुसरं काय होणार?

काका भूल देणारे डॉक्टर होते. माणसांना झोपवायचं आणि न विसरता परत उठवायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. औषध वजनाच्या हिशेबानं द्यायचं असल्यामुळे माणूस दिसला की त्यांच्या डोक्यात काटा हलायचाच. मी पुण्याहून अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला गेले, तेव्हा तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमची पहिली भेट झाली. आरती चालू होती. काका टाळ वाजवत माझ्याकडे सरकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "शंभर पण नाहीस. अगं, जेवत जा की! तुला भूल द्यायची म्हटली तर औषध टाकायचं कुठं?" पुढची पाच वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवले.

आमचं गाव शिकागोपासून तीन तासांवर. चहूकडे मका, मधोमध युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटीच्या मधोमध फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्हा देशी मंडळींना त्या खेळातलं काडीचं कळत नव्हतं. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात घेऊन पळायचं, इथपासूनच आमचं वाजलेलं. सामन्याच्या दिवशी पार्किंग मिळत नाही एवढ्यापुरता आमचा त्याच्याशी संबंध.

काकांचं मात्र वेगळं होतं. ते कोल्हापूरचे. लहानपण तालमीला लागून असलेल्या घरात गेलेलं. स्वतः लाल मातीत उतरले की पापणी लवायच्या आत आभाळ दिसायचं, हे तेच सांगायचे. पण पैलवान बघावा तर त्यांनी. पहिल्यांदा फुटबॉलचा सामना पाहून आले आणि काकूंना म्हणाले, "अगं, ही कुस्तीच आहे! टोपडी घालून खेळतात एवढंच." चेंडू कुठं गेला हे त्यांना कधीच कळलं नाही आणि कळून घ्यायचीही गरज वाटली नाही. क्वार्टरबॅक नावाचा मुलगा चेंडू फेकतो आणि सगळं गाव त्याच्यावर जीव ओवाळून टाकतं. त्याच्यापुढे पाच दांडग्या मुलांची भिंत उभी असते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काका फक्त ती भिंत बघायचे.

दर ऑगस्टमध्ये गावचं रेडिओ स्टेशन एक स्पर्धा घ्यायचं. नव्या सीझनच्या पहिल्या घरच्या सामन्यात चाल करायला उतरणारे अकरा खेळाडू कोण, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. अकराच्या अकरा बरोबर आले तर बक्षीस काय? पुढच्या घरच्या सामन्याला टीमबरोबर स्टेडियमच्या बोगद्यातून पळत मैदानावर यायचं. बस्स. काकांना या बक्षिसाचं वेड लागलं होतं. "बाहेर साठ हजार माणूस ओरडत असतंय," ते म्हणायचे, "आणि आपण अंधारातनं उजेडात! अगं, माझे पेशंट रोज येतात तसे. मला कधी कुणी आणलंय का?"

मग उन्हाळाभर तयारी. हॉस्पिटल सुटलं की काका घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन सरावाच्या मैदानाच्या कुंपणाला जाऊन बसत. मी सोबतीला. "मांडी बघ, मांडी! छे, याची नुसतीच सूज आहे." "हा चांगला, पण मान नाही. मान नाही तर माणूस नाही." एकदा दोघा पोलिसांनी येऊन इथं काय करताय म्हणून विचारलं. काकांनी त्यातल्या जाड्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि त्याचं वजन सांगितलं. तो इतका चकित झाला की पुढे अर्धा तास आमच्यातच बसून चिवडा खात होता. घरी हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, पोरींचे बाप स्थळंसुद्धा इतकी निरखून बघत नाहीत."

आता डगची गोष्ट सांगायला हवी, कारण काका म्हटलं की मला डग आठवतो. काकांच्या शेजारच्या घरात, गॅरेजवरच्या खोलीत हा मुलगा भाड्यानं राहायला आला. पहिल्या वर्षाचा खेळाडू, आई लहानपणीच गेलेली, वडील लांबलांबचे ट्रक चालवणारे. पहिला बर्फ पडला त्या सकाळी त्यानं न सांगता काकांचा ड्राइव्हवे साफ करून टाकला. खिडकीतून काकांनी एक डोळा मिटला. "दोनशे पंचावन्न! आणि मान बघ! काकू, हा पैलवान आहे गं!" उत्साहात ते बायकोलाही काकू म्हणत. त्या दिवशी डग जेवायला आला तो त्या घरचाच झाला. त्याला वरणभात आवडायचा. काकू वाढत राहायच्या, "ईट, बाळा, ईट," आणि तो "येस, काकू" म्हणत खात राहायचा.

भिंतीत डावीकडून दुसरी जागा असते, तिला लेफ्ट गार्ड म्हणतात. दुसऱ्या वर्षी ती जागा डगला मिळणार असं सगळं गाव म्हणत होतं. फक्त ऑगस्टमधला एक सराव सामना बाकी होता. त्या सकाळी काकांमधला वस्ताद जागा झाला. पैलवान आखाड्यात उतरायचा आणि खुराक नाही? त्यांनी डगला घरी बोलावलं. भिजवून वाटलेले बदाम, तापवलेलं दूध, त्यात पळीभर तूप, वर खारीक. काकूंचा शिरा वेगळाच. डगनं आजवर त्या घरात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि रणरणत्या उन्हात पळायला गेला.

पुढचं सांगायला नकोच. पहिल्या धावेत तो कोचच्या बुटांवर ओकला आणि तिथंच आडवा झाला. काय खाल्लंस, असं कोचनं ओरडून विचारलं. "ब्रेकफास्ट, सर," एवढंच डग बोलला, काकांचं नाव घेतलं नाही. लेफ्ट गार्डची जागा फ्लोरिडाहून आलेल्या एका नव्या मुलाला गेली आणि मग कायमची त्याचीच झाली.

आयुष्यभर लोकांना "उपाशी पोटी या" असं बजावणारा माणूस! "काका, तुम्ही डॉक्टर ना?" मी न राहवून म्हटलं. "त्या सकाळी मी डॉक्टर नव्हतो गं," ते म्हणाले. "वस्ताद होतो." त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून काकांच्या पोस्टकार्डावर लेफ्ट गार्डच्या जागी एकच नाव. बाकीचे दहा खेळाडू आता ते बिनचूक ओळखू लागले होते. तिसऱ्या वर्षी दहा बरोबर आले, अकरावा डग. मी माझ्या विषयाला जागून त्यांना शक्यता वगैरे समजावून दिली. कागदभर आकडेमोड करून दाखवली. काकांनी कागद बघितला, छान आहे म्हणाले आणि त्यावर चिवडा ओतून घेतला.

चौथं वर्ष डगचं शेवटचं. ऑगस्टच्या एका संध्याकाळी तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

"काका, डोन्ट पुट मी इन धिस टाइम," तो म्हणाला. "आय ॲम नॉट स्टार्टिंग. पुट द अदर गाय. यू विल विन."

काकांनी त्याला आत घेतलं, बसवलं, समोर ताट ठेवलं. मग म्हणाले, "डग, ऑन द फील्ड कोच मेक्स द टीम. इन माय हाऊस आय मेक द टीम. ईट."

तो गेल्यावर मी काकांना धरलं. "अहो काका, बोगदा! हातातोंडाशी आलाय!"

"मला बोगदा नकोय होय? रोज स्वप्नात पळतोय मी त्यातनं."

"मग लिहा ना दुसऱ्याचं नाव! नुसतं पोस्टकार्ड तर आहे."

काका हळूच म्हणाले, "भरल्या पानावरनं उठवलं गं मी त्या पोराला. आता मीच त्याचं पान मांडायचं नाही, तर कुणी मांडायचं?" आणि त्यांनी डगचं नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. मूर्खपणा आणि मोठेपणा यांच्यात फरक करायला मी अजूनही शिकलेले नाही.

पहिला सामना झाला. दहा बरोबर. लेफ्ट गार्ड फ्लोरिडाचा. स्पर्धा जिंकली बालवाडीतल्या एका बाईंनी आणि पुढच्या सामन्याला स्कर्ट आवरत त्या बोगद्यातून धावत आल्या. काकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "चांगल्या पळाल्या," म्हणाले. मग बराच वेळ ते चिवड्यातले दाणे निवडत बसले.

नोव्हेंबरात सीझनचा शेवटचा घरचा सामना असतो. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या आईवडिलांना घेऊन बोगद्यातून मैदानावर येतात, अशी तिथली रीत. डग टोपी हातात घेऊन काकांकडे आला. वडील ट्रक घेऊन कुठंतरी ओरेगॉनकडे होते. "घरचं कुणीतरी लागतं," असं काहीसं तो इंग्रजीत पुटपुटला. काका "ओके, ओके" म्हणाले आणि तडक गॅरेजमध्ये निघून गेले. काकू बघायला गेल्या, तर हे गाडी आणि फ्रीजर यांच्यामधल्या बोळकांडीतून पळण्याचा सराव करत होते.

सामन्याच्या दिवशी मी स्टँडमध्ये होते. बोगद्यातून एकेक कुटुंब येत होतं. सावकाश चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जायचं, कोचशी हस्तांदोलन करायचं, फोटो काढायचा. लाउडस्पीकरवर डगचं नाव झालं. आधी माकडटोपी दिसली. मग काका दिसले. आणि मग काका सुटले! डग मागे राहिला, काकू त्याच्याही मागे. दोन्ही हात वर करून हा बुटका माणूस हिरवळीवरून एकटाच सुसाट निघालेला आणि मागून तो अगडबंब पोरगा हेल्मेट सांभाळत ओरडतोय, "काका, वेट! काका!" आधी लोक गोंधळले, मग सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. त्या आरडाओरडीत काकू मात्र जाड कोटाच्या खाली दिसणारे पैठणीचे काठ सावरत, बर्फात घालायचे बूट टाकत, संथपणे चालत आल्या. काका कोचला ओलांडून पुढे गेले होते. त्यांना परत बोलवावं लागलं.

ते धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसले, तोच टीम जाहीर होऊ लागली. चार वर्षं बाकावर काढलेल्या पोराला कोचनं शेवटच्या दिवशी सुरुवातीला उतरवायचं ठरवलं होतं, हे आम्हाला कुठं माहीत? नशिबानं काकांच्या पोस्टकार्डावरच्या बाकीच्या दहांपैकी कुणी लंगडतही नव्हतं. लेफ्ट गार्ड म्हणून डगचं नाव पुकारलं गेलं. काकांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. "अकरा!" ते किंचाळले. "अकराच्या अकरा!"

पहिल्याच चालीत डगनं समोरच्याला उचलून पाठीवर आपटला. "चीतपट!" काका बाकावर चढून ओरडले. मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यांनी तो शब्द विचारून घेतला. मध्यंतरापर्यंत आमचा अख्खा कोपरा "चीटपॅट!" म्हणून बोंबलत होता. सामना आम्ही हरलो, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

सोमवारी काकांनी रेडिओ स्टेशनला फोन लावला. निवेदकानं नम्रपणे सांगितलं, "सर, द कॉन्टेस्ट वॉज फॉर द फर्स्ट गेम."

"आय नो. प्राइझ आय ऑलरेडी गॉट," काका म्हणाले. "यू जस्ट से इलेव्हन. ऑन द रेडिओ."

आणि त्या भल्या माणसानं बातम्यांआधी काकांचं नाव घेऊन खरोखरच म्हटलं, "इलेव्हन." काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

पुढे मी नोकरीसाठी न्यू जर्सीला, वेस्ट विंडसरला आले. डग दूर कुठल्याशा गावात शाळेच्या टीमचा कोच झाला. दर ऑगस्टमध्ये काकांचा फोन यायचा आणि मी त्यातली दहा नावं न ऐकता फक्त एक विचारायची, "लेफ्ट गार्ड कोण?" बऱ्याच वर्षांनी एका ऑगस्टमध्ये फोन आला तो काकूंचा. काका शेवटी फार दिवस आजारी होते. आम्हा कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं.

डग दोन राज्यं ओलांडून गाडी चालवत आला. केस विरळ झालेले, मान तशीच. शवपेटी उचलायला कोण कोण, हे काकांनी आधीच काकूंना सांगून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना तिघं तिघं. काकूंनी डगचा हात धरून त्याला त्याच्या जागेवर नेलं, डावीकडून दुसऱ्या.

पेटी उचलल्यावर तो क्षणभर तसाच थांबला. मग त्यानं एक डोळा मिटला.

"वन ट्वेंटी," तो अगदी हळू म्हणाला. "काकू, ही वॉजन्ट ईटिंग."

काकूंनी मान हलवली. डगनं डोळे पुसले नाहीत, हात मोकळे नव्हते त्याचे. बाकीचे पाचही जण त्याच्यासाठी थांबले होते. मग तो चालू लागला.